इची, नी, सान, शी

मी मूळची बुऱ्हाणपूरची. हॉस्टेलमध्ये हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे यूपी का?" नाही हो, मध्य प्रदेश. रावेर मागे पडलं की थोड्याच वेळात आमचं स्टेशन. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात समोरचा बोलेल ती. इतिहासवाल्यांसाठी एवढंच सांगते, की मुमताजमहल १६३१ साली आमच्या गावात वारली आणि ताजमहाल मात्र आग्र्याला झाला. आमच्याकडे राहिले पॉवरलूम आणि मावा जिलेबी.

कराटेचा क्लास खरं तर माझ्या भावासाठी लावला होता. त्यानं पंधरा दिवसांत सोडला. पण पांढरा ड्रेस शिवून झाला होता, सरांना तीन महिन्यांची फी देऊन झाली होती. वाया जायला नको म्हणून आईनं बाह्यांना तीन घड्या घालून तो मला चढवला. माझ्या कराटेची सुरुवात ही अशी काटकसरीतून झाली.

क्लास पत्र्याच्या एका शेडमध्ये भरायचा आणि भिंतीपलीकडे लूम चालायचे. ज्यांनी पॉवरलूमचा आवाज ऐकलेला नाही त्यांना काय सांगणार! शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं. त्या खटाखटीवर मात करून सर मोजायचे, "इची, नी, सान, शी..." जपानीत चारला 'शी' म्हणतात. पहिले दोन महिने आम्ही मराठी पोरं चारवर हसायचो आणि सर पाच उठाबशा द्यायचे. मध्येच लाइट गेली की लूम एकदम बंद पडायचे आणि आमची किंकाळी पूर्ण गल्लीला ऐकू जायची. आजी या मोजणीला 'जपानी पाढे' म्हणायची. जपानी उच्चार 'कराते' असा आहे हे कळल्यावर बाबा म्हणाले, "मग सोपंय. करा ते!" कारा म्हणजे रिकामा, ते म्हणजे हात, हे मी त्यांना समजावलं; पण त्यांना स्वतःचाच अर्थ जास्त पटला होता.

पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्यापर्यंत सात वर्षं गेली. ती इथे सांगत बसत नाही. ते लग्नाच्या व्हिडिओसारखं असतं, ज्याचं त्यालाच बघवतं.

काळा पट्टा मिळाला त्याच आठवड्यात सर म्हणाले, "उद्यापासून नवीन पोरं तुझ्याकडे." मला वाटलं, त्यात काय, येतं तेच तर दाखवायचंय. पहिल्याच दिवशी कळलं की येणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. 'हेइआन शोदान' या पहिल्या काताची सुरुवात डावीकडे वळून होते. मी मुलांकडे तोंड करून डावीकडे वळले, तर समोरची अर्धी पोरं आरशात बघितल्यासारखी उजवीकडे वळली आणि उरलेल्या अर्ध्यांना जाऊन धडकली. मग दोन आठवडे गच्चीवर एकवीसच्या एकवीस हालचाली उलट्या बाजूनं बसवल्या. शरीराला सात वर्षांत लागलेली सवय अशी उलटी करताना डोकं गरगरायचं. आधी मी मुलांच्या मुठी बघायचे. सरांनी सांगितलं, पाय बघ. पाय बरोबर असला की मूठ आपोआप सुधारते, हे खरं निघालं. १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला जाऊन कराटेचं प्रात्यक्षिक दाखवणारे गिचिन फुनाकोशी पेशानं शाळामास्तर होते, असं पुढे कुठेतरी वाचलं तेव्हा फार बरं वाटलं.

बारावीनंतर एक वर्ष मी घरीच थांबले. मुंबईच्या फीचे पैसे जमायचे होते. सरकारी शाळांतल्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण नावाची योजना आहे, तीन महिन्यांची. त्यातल्या एका शाळेत सरांनी मला पाठवलं. समोर सहावी ते आठवीच्या साठ मुली, सलवार-कुर्त्यात, ओढण्या कमरेला बांधलेल्या. एकही मला सेन्सई म्हणाली नाही. मी 'दीदी' होते.

तीन महिन्यांत कराटे येत नाही, हे स्पष्टच लिहिते. अशा शिबिरांच्या शेवटी मुलींकडून कौलं फोडून घेतात, फोटोला ते छान दिसतं. पण कौल कुणाचं मनगट धरत नाही. मी काता बाजूला ठेवला. मनगट धरलं तर समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका देऊन हात सोडवायचा, कारण पकड तिथे कच्ची असते. पोटातून ओरडायचं. सुटलं की थांबायचं नाही, पळायचं. ओरडण्यालाच सगळ्यात जास्त दिवस लागले. साठ मुली आणि आवाज दहा जणींचा. त्यांना आयुष्यभर हळू बोलायला शिकवलेलं होतं.

दुसऱ्या महिन्यात हात सोडवण्याचा सराव चालू असताना आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "दीदी, और कोई घर का ही हो तो?"

बाकीच्या जोड्या थांबल्या. गल्लीतला, बसमधला, नदीवरचा माणूस, या सगळ्यांची उत्तरं मला सात वर्षांत शिकवली गेली होती. याचं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, की मग पहिलं काम सांगणं. मला सांगायचं, मॅडमना सांगायचं, आणि आम्ही नसू तर १०९८ ला फोन करायचा. फोनला पैसे पडत नाहीत. (मुलांसाठीची ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये इथे मुंबईतच, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधून सुरू झाली, हे मला इथे आल्यावर कळलं.) तास संपल्यावर मी तिच्या वर्गाच्या मॅडमकडे गेले. त्यांनी वही मिटली, दार लावून घेतलं आणि सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या तिच्याशी एकटीशी बोलल्या. तिचं नक्की काय होतं, काही होतं की नुसताच प्रश्न होता, हे मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. ती शेवटच्या दिवसापर्यंत तासाला आली, एवढं सांगते.

सरांना मी त्या रात्री फोन केला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आपल्या सिलॅबसमध्ये पहिल्या दिवशी यायला हवं." पंचवीस वर्षं शिकवणारा माणूस मला 'आपल्या' म्हणाला. काळ्या पट्ट्यापेक्षा मला ते जास्त वाटलं.

आता मुंबईला असले तरी दिवाळीत आणि उन्हाळ्यात सर मला एक तरी बॅच देतातच. वॉर्मअपला आम्ही इचीपासून ज्यूपर्यंत, म्हणजे एक ते दहा, वर मोजतो. मग लूमच्या आवाजावर ओरडून हिंदीत उलटं, दस, नौ, आठ! तो नंबर असाच लक्षात ठेवायचा असतो. आठवर थांबायचं हे मी दर वेळी आधी बजावते, तरी मागच्या रांगेतून कुणीतरी जोरात "सात!" म्हणतंच, आणि सगळ्या हसायला लागतात.