देवीनेही जिथे गाव सोडलं

भितरकनिका म्हटलं की आठवतात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आणि कांदळवनातली बोटीची सफर. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातल्या या जंगलात गुप्तीच्या बाजूने जाणार असाल, तर बागपटिया वसाहतीसाठी तासभर राखून ठेवा. इथे पंचुबराही देवीचं मंदिर आहे.

मंदिर नवं, देवी मात्र जुनी. ती मूळची समुद्रकाठच्या सातभायाची. एकेकाळी हा सात गावांचा समूह होता. त्यातली बहुतेक गावं समुद्राने एकेक करून गिळली. लाटांमध्ये एकटाच उभा राहिलेला तिथला हातपंप कदाचित तुम्ही फोटोत पाहिलाही असेल.

देवीच्या पाच मूर्ती, प्रत्येकीचं वजन साधारण दीड टन. पूजा करायची ती मच्छीमार समाजातल्या विवाहित दलित स्त्रियांनीच. पुरुषांनी मूर्तीला शिवायचंही नाही, अशी सुमारे चारशे वर्षांची रीत. (आपल्याकडच्या किती देवळांत नेमकं याच्या उलट असतं!) वादळवाऱ्यात देवीच आपल्याला राखते, ही गावाची श्रद्धा. पण समुद्र देवळापर्यंत आला, तेव्हा एवढं वजन हलवायचं कुणी? अखेर एप्रिल 2018 मध्ये पुरुषांचे हात लागले आणि मूर्ती सुमारे 12 किलोमीटरवर बागपटियाला आल्या. मग पुजारिणींनी त्यांचं शुद्धीकरण केलं.

हवामान बदलावर तुमचा विश्वास आहे का, असं सर्वेक्षणांत विचारतात. शहरात बसून त्यावर वाद घालता येतो. सातभायाच्या लोकांचा विश्वास देवीवर होता आणि आजही आहे, पण त्यापायी त्यांनी समोरचं पाणी नाकारलं नाही. उलट देवीलाच बरोबर घेऊन ते निघाले.

सगळं खापर वाढत्या समुद्रावर फोडणंही बरोबर नाही. महानदीवर 1957 पासून हिराकूड धरण आहे. धरणात गाळ अडतो आणि ताजा गाळ मिळाला नाही की त्रिभुज प्रदेशातला किनारा झिजत जातो. त्यात चक्रीवादळांची भर.

बागपटियात सरकारने घरासाठी जागा दिली. शेतं मात्र मागे, पाण्याखाली राहिली. त्यामुळे कित्येक घरांतले पुरुष कामासाठी पार केरळपर्यंत जातात.

दर्शनाला गेलात तर नमस्कार दुरूनच करा. पूजा आजही बायकाच करतात. पुरुषांना मिळालेली मुभा मूर्ती हलवण्यापुरतीच होती.