बापूस चवतीक येतलो

मालवणच्या किनारपट्टीवर मुलाच्या पानात सकाळी उकड्या तांदळाची पेज वाढते ती बहुधा आजी. आई तोवर मळ्यात गेलेली असते, नाहीतर मासळीची पाटी घेऊन बाजारात. आणि बाप? कित्येक घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतच राहिला.

तिथल्या कापडगिरण्यांत राबणारे चाकरमानी लालबाग-परळच्या गाळ्यांत दाटीवाटीने राहत, खाणावळीत जेवत आणि गावी मनिऑर्डर धाडत. "बापूस कधी येतलो?" या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर होतं, "चवतीक." गणपतीला दारात उभा राहिलेला माणूस आपला बाप आहे, हे धाकट्यांना कधी कधी सांगावं लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बरेच बापूस चवथीआधीच परतले, हाताला काम नसलेले. मुलांना बाप मिळाला तो असा.

तोवर त्यांना वाढवलं आई-आजीने आणि सगळ्या आवाठाने, म्हणजे वाडीने. "जेवलंस काय रे झिला?" असं कुठल्याही पडवीतून कुणीही विचारावं, आणि उनाडक्या करताना दिसलं तर कुणीही कान धरावा. किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, लागली की दोर ओढणाऱ्यांत पोरंही घुसत. हात लावला म्हणून चार तारले वाट्याला आले, की ते घरी नेणाऱ्या पोराची चालच बदलायची. यांत्रिक होड्यांच्या पर्ससीन जाळ्यांनी ती रापण विरळ केली. २०१६ साली सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी किनाऱ्यावरची ओढाताण संपलेली नाही. तिथे मासळीबरोबर मुलांची एक शाळाही आटते आहे, आणि तिची दखल कुणी घेत नाही याचं फार वाईट वाटतं.

पुस्तकांच्या शाळेत मात्र ही मुलं चमकतात. दहावीच्या निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्गचं कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. वर्तमानपत्रांत मुलांचे फोटो झळकतात. पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या बायांचेही शेजारी छापायला हवेत. कारण पुढे हीच मुलं कोकण रेल्वेने मुंबई-पुण्याला जातात आणि घरात पुन्हा बायाच उरतात.

मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागात अलीकडे थोडं वेगळं घडतंय. घरगुती निवास-न्याहारी, होड्या, स्कुबा डायव्हिंग यांनी काही तरुणांना गावातच रोजगार दिला. त्यांच्या पोरांना दटावायला, पाठीशी घालायला, खाडीत पोहायला शिकवायला बाप घरीच असतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या आणि पर्यटक थांबले, की दिवसभर.