वीस हजारांचं रीळ

पुण्याच्या कर्वेनगर-वारजे पट्ट्यातली गळाच्या नादी लागलेली तरुण मुलं मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: बेटकास्टिंगचं महागडं रीळ घ्यावं का? मला विचारण्याचं कारण आहे. माझी अर्धी नोकरी शिवणे इथल्या एका वर्कशॉपमध्ये गिअर कापण्यात आणि तपासण्यात गेली, आणि कॉलेजात असल्यापासून सुट्टीचा दिवस मी खडकवासल्याच्या फुगवट्यावर नाहीतर भिगवणच्या बाजूला उजनीच्या काठावर घालवत आलोय. पहिला पगार झालेल्या मुलाला वीस हजार म्हणजे थोडी रक्कम नव्हे. त्याला उडवाउडवीचं उत्तर देणं मला पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी हे रीळ हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या स्पिनिंग रिळात स्पूल जागेवर स्थिर असतं आणि दोरा त्याच्या कडेवरून सुटत जातो. बेटकास्टरमध्ये स्पूलच गरगर फिरतं. फेकलेलं आमिष हवेत मंदावत जातं, स्पूल मात्र त्याच वेगात फिरत राहतं, आणि जास्तीचा सुटलेला दोरा जागच्या जागी गुंततो. असा गुंता सोडवण्यात सकाळ घालवलेली माणसं काठाकाठाला दिसतात. तरीही हे रीळ घ्यायचं ते ताकदीसाठी. दोरा कुठेही काटकोनात न वळता सरळ स्पूलवर गुंडाळला जातो, त्यामुळे जलपर्णीत घुसलेली मरळ ओढून काढायला याच्यासारखं दुसरं रीळ नाही. शिवाय अंगठा स्पूलवर ठेवून आमिष हवं त्या जागी थांबवता येतं. पानांच्या दोन झुबक्यांमध्ये वीतभर मोकळं पाणी असेल तर फ्रॉग (रबरी बेडकाचं आमिष) नेमका तिथेच पडायला हवा.

माझ्याकडे तीन किमतींची रिळं आहेत. एक पावणेतीन हजारांचं, एक साडेआठ हजारांचं आणि एक जवळजवळ वीस हजारांचं जपानी, डीसी ब्रेकचं. एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिन्ही शेजारी शेजारी उघडली. डोळ्याला लावायचं भिंग आणि ग्रॅममध्ये मोजणारा काटा वर्कशॉपमधून आणला होता.

स्वस्त रिळाच्या खोक्यावर ‘१३+१ बेअरिंग’ असं ठळक छापलेलं होतं. हा आकडा दुकानात फार चालतो, पण कामाची बेअरिंग मोजकी असतात: स्पूलला दोन्ही बाजूंनी धरणारी, पिनियनची आणि मुठीच्या दांड्याची. मुठीच्या बोंडांत बसवलेली आणखी काही बेअरिंग मोजणी वाढवतात, कामात फरक पाडत नाहीत. मग मी त्या रिळाच्या प्लॅस्टिकच्या चौकटीला दोन बोटांनी चिमटा घेतला आणि दुसऱ्या हाताने मूठ फिरवली. खरखर लागली. चिमटा सोडला, खरखर गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा आली. गिअरच्या कामातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. चौकट दबली की दोन गिअरमधलं अंतर बदलतं, दात पूर्ण रुंदीने भिडायचे ते कडेवर भिडतात, आणि कडेवर भिडलेले दात झिजतात. बोटांच्या चिमट्याने हे होत असेल, तर दोन किलोची मरळ आणि तिच्या अंगावरचा जलपर्णीचा भारा ओढताना काय होत असेल!

साडेआठ हजारांच्या रिळाची चौकट अ‍ॅल्युमिनियमची आणि मुख्य गिअर पितळी. कितीही दाबलं तरी मुठीला काही कळलं नाही. महागड्या रिळातही हेच, फक्त गिअरचे दात जास्त बारीक आणि संख्येने जास्त, त्यामुळे फिरणं जास्त मऊ. तिन्ही स्पूलं काट्यावर ठेवली. स्वस्ताचं २३ ग्रॅम, मधल्याचं १८, महागड्याचं १४. हलकं स्पूल चटकन फिरायला लागतं आणि चटकन थांबतं, म्हणून हलकं आमिष लांब जातं. डीसी ब्रेकची करामतही मला मनापासून आवडली. साध्या रिळात लोहचुंबक किंवा केंद्रापसारी बलाने बाहेर सरकणारे छोटे ठोकळे स्पूलला आवरतात. डीसीमध्ये एक इवलासा संगणक बसवलेला असतो, स्पूलच्याच फिरण्यातून तयार झालेल्या विजेवर तो चालतो, सेल लागत नाही. शिमानो कंपनीच्या सांगण्यानुसार तो सेकंदाला हजार वेळा स्पूलचा वेग तपासून ब्रेक कमीजास्त करतो. आमिष फेकलं की बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तो या ब्रेकचा.

हे सगळं शिकलेल्या हातांचं काम आहे आणि त्याची परंपरा जुनी आहे. फिरत्या स्पूलची पहिली उत्तम रिळं अमेरिकेत केंटकीमधल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवली. स्वीडनच्या आबू कंपनीचा जन्म १९२१ चा, तीही घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर बनवायची आणि मग रिळांकडे वळली. त्याच वर्षी जपानात साकाई शहरात शिमानो सुरू झाली ती सायकलीच्या फ्रीव्हीलपासून. पुण्यातल्या सायकलवाल्यांना हे नाव सांगायलाच नको. बारीक दात आणि नेमकं अंतर ज्यांना साधलं तेच चांगलं रीळ करू शकले. म्हणून महागडं रीळ म्हणजे नुसता नावाचा पैसा, असं कुणी म्हटलं तर मला ते खरंच लागतं. त्यातलं काम अस्सल आहे. आपल्या पाण्यावर त्यातलं कोणतं काम उपयोगी पडतं, एवढाच प्रश्न उरतो.

तो मी पाण्यावरच सोडवला. मुळशीच्या वाटेवर ओळखीच्यांचं एक तळं आहे, निम्मं जलपर्णीने झाकलेलं. मे महिन्यातला समोरून येणारा वारा होता. पाच-सात ग्रॅमचं हलकं आमिष आणि बारीक दोरा लावला तेव्हा महागडं रीळ स्पष्ट पुढे होतं. वाऱ्यातसुद्धा गुंता नाही आणि फेक कितीतरी लांब. मधल्या रिळाला तिथे अंगठ्याची सतत मदत लागली. मग मरळीचा सरंजाम चढवला, म्हणजे ५० पौंडांची ब्रेड (विणलेला दोरा) आणि पंधरा ग्रॅमचा रबरी फ्रॉग. आता मात्र दोन्ही रिळं एकाच झुडपापर्यंत पोचत होती. जाड दोऱ्याने स्पूल जड झालं की त्यातले चार ग्रॅम वाचल्याचा फायदा बुडून जातो, आणि आमिष वजनदार असलं की ते स्पूलला स्वतःच ओढून नेतं, ब्रेकच्या हुशारीला फारसं काम उरत नाही. पुणे परिसरात बेटकास्टर घेणारा बहुतेक जण मरळीसाठीच घेतो. म्हणजे तो वरच्या अकरा हजारांत जे विकत घेतो ते त्याच्या रोजच्या मासेमारीत वापरलंच जात नाही.

पण खालचे पैसे वाचवायला गेलं तर काय होतं, तेही त्याच तळ्यावर दिसलं. सोबतच्या एका मुलाच्या स्वस्त रिळावर चांगली मरळ लागली. तिने घास घेतला आणि थेट मुळांच्या जाळीत मुसंडी मारली. मुलाने मूठ फिरवली, दोन-तीन वेढे आले आणि मग मूठ नुसतीच फिरायला लागली. स्पूल जागचं हलेना. आत दात गेले होते. शेवटी हाताला टॉवेल गुंडाळून आम्ही दोरा हातांनी ओढला, कारण फ्रॉग तोंडात घेऊन मासा मुळांत अडकून मेला असता तर ते मला सहन झालं नसतं. मासा बाहेर आला, फ्रॉग काढला, त्याला पाण्यात सोडलं. रीळ मात्र टाकाऊ झालं होतं. मी ते नंतर उघडलं, जस्ताच्या गिअरचे दात एका बाजूने सपाट झाले होते.

गोऱ्ह्याच्या बाजूला फुगवट्यावर एक मामा नेहमी भेटतात. प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, शिशाचा तुकडा आणि कणकेच्या गोळ्या एवढ्यावर ते रोहू आणि चिलापी काढतात. एकदा त्यांनी माझं महागडं रीळ हातात घेतलं, एक फेक टाकली, आणि रिळाकडे न बघता दोऱ्याचं टोक अंगठ्याच्या नखावरून हळूहळू ओढून पाहिलं. एका जागी नख अडलं.

“यंतर ब्येस हाय दादा,” ते म्हणाले, “पर दोरा हितं खरवडलाय बघा. मासा रिळासंगट झुंजत न्हाई, ह्या हातभर दोऱ्यासंगट झुंजतो.”

आणि तेवढा तुकडा दातांनी तोडून त्यांनी गाठ मला पुन्हा मारायला लावली. तेव्हापासून मी प्रत्येक माशानंतर दोरा नखावरून फिरवतो, आणि मुलांनाही आधी तेच शिकवतो. दीड-दोन हजारांची चांगली ब्रेड स्वस्त रिळाची कसर भरून काढत नाही हे खरं, पण खराब दोऱ्यावर वीस हजारांचं रीळही वाया जातं.

उत्तम रिळाचं सगळं कौशल्य वसूल व्हावं असा एक मासा आपल्याकडे होता, तो म्हणजे खडस, डेक्कन महाशीर. वाहत्या पाण्यात तो जी धाव घेतो तिला ताणाखाली न अडखळता दोरा सोडणारा ड्रॅग लागतो, आणि तिथे महागड्या रिळातल्या कार्बनच्या चकत्या खरोखर कामाला येतात. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. माझ्या घरापासून चालत राजाराम पुलावर जाता येतं. पुलाखाली तीच मुठा आहे, आणि धरणातून पाणी सुटत नाही तेव्हा तिच्यात वाहतं ते बहुतांशी शहराचं सांडपाणी. या जातीला नाव मिळालं ते ज्या नदीतल्या माशामुळे, तिच्या शहरातल्या पात्रात आज तो दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या उबवणी केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास होते आणि तिथून पिल्लं ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली गेली आहेत, हाच काय तो दिलासा. घाटाकडच्या एखाद्या स्वच्छ डोहात तुमच्या गळाला चुकून महाशीर लागला, तर त्याला पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता सोडून द्या.

देखभालीचंही बोललं पाहिजे, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही. उजनीच्या काठचा गाळ पिठासारखा बारीक असतो, तो बाजूच्या झाकणातून आत शिरतो. हंगामातून एकदा रीळ उघडून, बेअरिंग धुऊन, प्रत्येकी तेलाचा एकच थेंब द्यायचा. जास्त दिलं तर फेक कमी होते. स्पूलची बेअरिंग बहुतेक रिळांत ठरावीक मापाची असतात, ३ × १० × ४ मिलिमीटर हे त्यातलं नेहमीचं. बेअरिंगच्या दुकानात मापाने मागितली तर मिळतात, रीळ कुठल्या कंपनीचं आहे हे सांगायचीही गरज नसते. पण गिअर, दोरा आडवा फिरवणारं पॉल, किंवा डीसीचा इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला तर सुटा भाग बाहेरून मागवावा लागतो आणि त्यात महिने जाऊ शकतात. इतकी वर्षं यंत्रं दुरुस्त करूनही डीसीचा तो भाग मला उघडता येत नाही. विकत घेण्यापूर्वी सुटे भाग कुठून मिळतील हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दुकान पाहा.

बेटकास्टरचं शिक्षण अंगठ्याचं आहे आणि ते कोणत्याही किमतीच्या रिळाबरोबर मिळत नाही. आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर संध्याकाळी आम्ही बादली ठेवतो, गळाऐवजी नुसतं शिसं लावतो आणि पंधरा पावलांवरून त्या बादलीत टाकायचा सराव करतो. आमिष जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी अंगठा दाबायचा, एवढंच. महिनाभर रोज अर्धा तास केलं की ब्रेक जवळजवळ मोकळा सोडूनही गुंता होत नाही. ज्याला हे जमलं त्याला डीसीची उणीव भासत नाही. ज्याला जमलं नाही त्याला डीसी सांभाळून घेतो, पण त्याचं आमिष नेमक्या जागी पडत नाही.

तर माझं मत असं. फक्त कणकेच्या गोळ्यांवर रोहू-कटला काढायचे असतील तर बेटकास्टर घेऊच नका, दोन हजारांचं स्पिनिंग रीळ पुरेसं आहे. मरळीसाठी घ्यायचं असेल तर आठ ते दहा हजारांपर्यंत जरूर जा, पण अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि पितळी गिअर आहे याची खात्री करूनच, आणि दुकानात चौकटीला चिमटा घेऊन मूठ फिरवून बघा. वीस हजारांचं रीळ ज्याला हलक्या आमिषावर, वाऱ्यात, वर्षभर मासेमारी करायची आहे त्याने घ्यावं, त्याचे पैसे वसूल होतील. बाकीच्यांनी उरलेले दहा हजार चांगल्या रॉडवर, दोऱ्यावर आणि तलावाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे आहे तिच्या परवानगीच्या पावतीवर खर्च करावेत.