कोरडे वजन

इंदूरच्या मंडईत मेथी किलोवर मिळते. भाजीवाल्याने मारलेले पाणी दोनदा झटकल्याशिवाय ती तराजूत टाकू द्यायची नाही, हा बाईंचा शिरस्ता. "अगं, चार थेंबांचं काय घेऊन बसलीस? शिकवतेस रसायनशास्त्र आणि हिशेब वाण्याचा!" असे त्यांचे यजमान नेहमी म्हणतात. बाई हसतात आणि जुडी पुन्हा एकदा झटकतात.

या बाई तिथल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. नोकरीला अठ्ठावीस वर्षे झाली. ज्येष्ठता आली की प्राध्यापक मंडळी पहिल्या वर्षाचा वर्ग हळूच नवीन माणसाच्या गळ्यात घालतात. बाईंनी तो कधी सोडला नाही. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे छायाचित्र आहे. १८८९ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागलेले हे संशोधक खालचे वर्ग आवडीने शिकवत. हाडे जाळून उरलेली राख म्हणजे निव्वळ रासायनिक पदार्थ, हाड वगैरे काही नाही, हे पटावे म्हणून त्यांनी वर्गात ती चिमूटभर तोंडात टाकली, असे सांगतात. बाईंना वाटते, शिकवणे म्हणजे हेच. जे सांगतो ते आधी आपल्या जिभेवर ठेवायची तयारी हवी.

संशोधन मात्र उरल्या वेळातले. दुपारी प्रॅक्टिकल आटोपले की डबा खायचा आणि मागच्या अरुंद खोलीत शिरायचे. तिथे दोन-तीन मुले पीएच.डी.चे काम करतात. कधी काचेचे भांडे तडकते, कधी वीज जाते, कधी मागवलेले रसायन तीन महिने येत नाही. तरीही एखाद्या संध्याकाळी बीकरच्या तळाशी लिंबासारखे पिवळे स्फटिक जमू लागले, की सगळा शीण जातो. घरी पोहोचायला उशीर होतो आणि कुकर यजमानांनाच लावावा लागतो.

पण स्फटिकांनी बढती मिळत नाही. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत आणली. निबंधाला इतके गुण, परिषदेला इतके. हेतू वाईट नव्हता. पण गुण मोजायचे म्हटले की माणूस गुणांसाठी लिहू लागतो. पैसे भरले की आठवड्यात निबंध छापून देणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. प्रबंधाआधी निबंध छापलाच पाहिजे ही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांवरची सक्ती २०२२ च्या नियमांत गेली, पण घाई काही गेली नाही. बाई त्या दुकानांच्या वाटेला कधी गेल्या नाहीत. आपला हात स्वच्छ आहे, याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

त्या अभिमानाची परीक्षा एका विद्यार्थ्याने घेतली. धार जिल्ह्यातला शेतकऱ्याचा मुलगा. अबोल, कष्टाळू. बाईंनी २०१२ साली छापलेल्या एका निबंधातला पदार्थ त्याला पुढच्या कामासाठी हवा होता. कृती सोपी. दोन रसायने स्पिरिटमध्ये विरघळवायची, कॉस्टिक सोडा घालून ढवळायचे, बसलेला साका गाळून घ्यायचा. हिशेबाने दोन ग्रॅम पदार्थ तयार व्हायला हवा, त्यातला प्रत्यक्ष हाती किती लागतो ते 'यील्ड'. बाईंच्या निबंधात ते ९२ टक्के होते. मुलाला पाच वेळा करून ६३ ते ६६ च्या वर जाता आले नाही. सहाव्या वेळी मात्र वहीत ९१ टक्के असे ठसठशीत लिहिलेले होते.

बाईंनी वही जवळ ओढली. आधीच्या पाचही पानांवर रिकाम्या बशीचे वजन, भरल्या बशीचे वजन, वेळ, सगळे नीट होते. सहाव्या पानावर रिकाम्या बशीचे वजनच नव्हते.

"हे काल खरंच केलंस?"

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्या पेपरात ९२ आहे. मला वाटलं, माझाच हात चांगला नाही. तुम्हाला तोंड कसं दाखवू?"

बाई रागावणार होत्या, पण शब्द घशातच राहिले. मुलगा खोटे लिहून बसला होता हे खरे. पण कशापायी? त्यांच्या छापील आकड्यापायी.

त्या रात्री त्यांनी माळ्यावरची जुनी प्रयोगवही काढली. नोंद त्यांच्याच अक्षरात होती. गाळणे ४.५०, वजन ५.४०. मध्ये फक्त पन्नास मिनिटे! स्पिरिट आणि पाणी शोषलेला साका तेवढ्या वेळात वाळत नाही. त्या आठवड्यात बढतीचा अर्ज भरायचा होता, हेही त्यांना आठवले. द्रवणांक बरोबर होता, कारण त्यासाठी चिमूटभर नमुना शुद्ध करून नीट वाळवला होता. पदार्थ खरा होता. वजन तेवढे ओले होते.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून प्रयोग केला. संध्याकाळी वजन १.८४ ग्रॅम, म्हणजे बरोबर ९२ टक्के! मग बशी डेसिकेटरमध्ये ठेवली. दुसऱ्या सकाळी १.४८ ग्रॅम, संध्याकाळी १.३१. तिसऱ्या दिवशी १.३० वर काटा थांबला तो हललाच नाही. ६५ टक्के. मुलाचा हात पहिल्यापासून चांगलाच होता.

बाईंना खरी टोचणी निराळीच होती. वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे आणि पुन्हा तोलायचे, हा धडा त्या दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आल्या होत्या.

त्यांनी संपादकांना दुरुस्तीचे पत्र लिहायला घेतले. "कोण वाचतंय तो जुना पेपर? उगाच कशाला उकरून काढता?" सहकाऱ्यांनी आपुलकीनेच सांगितले. बाईंना तेव्हा फ्रान्सिस अर्नोल्ड आठवल्या. २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या या अमेरिकन विदुषींनी २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेला निबंध जानेवारी २०२० मध्ये मागे घेतला. प्रयोग पुन्हा जमेना आणि प्रयोगवहीत काही नोंदी सापडेनात. कामाच्या गर्दीत आपण आपले काम नीट केले नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगून माफी मागितली. नोबेलवाल्या बाईंना जे जड गेले नाही, ते इंदूरच्या बाईंना का जावे?

पत्र गेले. दोन महिन्यांनी चार ओळींची दुरुस्ती छापून आली. तिला गुण नव्हते. मुलाने सहाव्या पानावर आडवी रेघ मारून खाली खरे काय ते लिहिले आणि सही केली. पान फाडू नकोस, असे बाईंनीच बजावले होते. त्याच्या प्रबंधात ६५ हाच आकडा आहे.

यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गात वजनाचा तोच धडा आला, तेव्हा बाईंनी फळ्यावर ९२ आणि ६५ हे दोन आकडे लिहिले आणि सगळी हकीकत सांगितली. स्वतःचे नाव वगळले नाही. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, मग तुमचे मार्क कापले का?"

वर्ग हसला. बाईही हसल्या. "कापले नाहीत. पण झोप उडाली होती, ती परत आली."

त्या दुपारी प्रॅक्टिकलला एकाही मुलाने पहिल्या वजनावर वही मिटली नाही. प्रयोगशाळा बंद व्हायला सहा वाजले. शिपाई कुरकुरला. बाईंनी त्याला चहा पाजला.