बिनपट्ट्याची चप्पल

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला मुंबईचासुद्धा प्रवास करावा लागतो. यंदाच्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या एका बैठकीसाठी फोर्टात गेलो होतो, त्याच दिवशी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, संध्याकाळी आमच्या क्लबात चहाला यायचं हं!" वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे; आता पुढच्या रांगेत मोटार उभी करतो. बैठक तीनलाच आटोपली. तीन तास हाताशी होते. म्हटले, क्लबात जायचेच आहे, तर या शहरातल्या क्लबांची वाट आधी पायाखाली घालावी.

आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना आहे. स्थापना १८७५ ची. 'जिमखाना' हा शब्द साहेबाने बोटीतून आणला असे आपल्याला वाटते. पण तो जन्मला याच देशात. हिंदुस्थानीतला 'गेंदखाना', म्हणजे चेंडूचे घर, आणि इंग्रजीतले 'जिम्नॅस्टिक' यांच्या संकरातून तो झाला असावा, असे कोशकार सांगतात. शब्द इथला, जमीन इथली, आणि मज्जावही इथल्यांनाच! १९३३ च्या डिसेंबरात हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना याच मैदानावर झाला. लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या. पण जिमखाना युरोपियनांचा, अमरनाथांना त्याचे सभासद होता येत नव्हते. आज तो भेद उरलेला नाही. कुंपणाबाहेर, आझाद मैदानावर, कुणीही यावे आणि खेळावे. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी पोरांनी १९८८ साली ६६४ धावांची भागी केली ती तिथेच. तिला अनुमोदक लागला नव्हता.

याच मैदानावर एक जुने भांडण झाले होते. १८८० नंतरच्या दशकात साहेब लोक देशी मुलांच्या क्रिकेटच्या जागेत पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची चाळण होई. पारशी मंडळींनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी त्या लढ्याची हकिकत १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. पुढे समुद्राकाठी भरणी घालून काढलेल्या जमिनीवर पारशी, मुसलमान आणि हिंदू यांना वेगवेगळे तुकडे मिळाले. मी चर्चगेटवरून मरीन ड्राइव्हला आलो, तेव्हा ते जिमखाने एकापाठोपाठ एक लागले. हिरवळ सारखीच, समुद्राचा वारा सारखाच. मधे फक्त कुंपणे. साहेबाने दार लावले म्हणून ज्यांना राग आला, त्यांनी आपापली दारे बांधली आणि आपापल्या कड्या बसवल्या.

हिंदू जिमखान्यापाशी मी जरा थांबलो. बाळू पालवणकर इथले खेळाडू. चांभार समाजात जन्मलेल्या या गोलंदाजाने पुण्याच्या साहेबी क्लबात पडेल ते काम करता करता ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला तासन्‌तास चेंडू टाकले आणि स्वतःची कला घडवली. पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायला बाळूंचा डावा हात हवा होता. मात्र चहाच्या वेळी बाकीचे गडी आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, टाकून द्यायच्या मडक्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२३ साली ते धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले. दाराबाहेर ठेवलेल्यांच्या दाराबाहेरही कुणीतरी असतेच, हे बाळूंच्या त्या मडक्याने मला शिकवले. निदान शिकवले असे मला साडेपाचपर्यंत वाटत होते.

विद्यार्थी मोटार घेऊन आला. क्लबाचे नाव सांगत नाही. सांगितले तर बिचाऱ्याचे सभासदत्व धोक्यात यायचे. दारावरचा वयस्क रखवालदार आपल्याकडचाच, बोलण्यावरून साताऱ्याकडचा वाटला. माझ्या पायांकडे पाहून तो हात जोडून म्हणाला, "साहेब, रागावू नका. पर चपला चालत न्हाईत."

मी झब्बा घालून होतो. झब्ब्याला हरकत नव्हती. सँडललाही नव्हती. मागे पट्टा असलेले पादत्राण ते सभ्य, बिनपट्ट्याचे ते असभ्य. माझी कोल्हापुरी त्या पट्ट्यापायी अडली! तामिळनाडूत २०१४ साली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनाच धोतर नेसल्याबद्दल एका क्लबाने अडवले आणि सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. मुंबईतला विलिंग्डन क्लब १९१८ च्या सुमारास गव्हर्नर विलिंग्डन यांनी गोऱ्यांना आणि देशी लोकांना एकत्र बसता यावे म्हणून काढला. त्याच क्लबाने १९८८ साली अनवाणी हिंडणाऱ्या चित्रकार हुसेनना आत घेतले नाही. तेव्हा मी अगदीच वाईट संगतीत नव्हतो. विद्यार्थ्याने मोटारीतून आपले टेनिसचे बूट आणले. एक नंबर मोठे होते. फटक फटक करीत मी आत गेलो.

आत वेताच्या खुर्च्या, संथ पंखे आणि भिंतीवर अध्यक्षांच्या नावांचा सागवानी फळा. वर सगळी इंग्रज नावे. स्वातंत्र्यानंतर आपली सुरू होतात. सोनेरी अक्षराचे वळण तेच! चहा बाहेरच्या हॉटेलापेक्षा स्वस्त. शिवाय पाहुण्याने पैसे देणे नियमाविरुद्ध. सभासद नुसती सही करतो. मी प्रवेशशुल्क विचारले. त्याने सांगितलेला आकडा आणि माझा भविष्यनिर्वाह निधी यांची जवळजवळ गाठ पडत होती. "पण सर, नुसत्या पैशानं होत नाही," तो म्हणाला. सूचक लागतो, अनुमोदक लागतो, नाव फळ्यावर लागते, मग पतिपत्नींना समितीपुढे चहाला बोलावतात. म्हणजे कांदेपोहेच. फरक इतकाच, की इथे नकार आला तर कारण सांगत नाहीत. पूर्वी पेटीत पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकीत. काळी निघाली की संपले. मग त्याने बॅगेतून उपनगरातल्या एका नव्या, जरा स्वस्त क्लबाचा अर्ज काढला. "ताईला पोहायला मिळेल, सर. सूचक मी होतो."

मी अर्ज हातात घेतला. मुलीला पोहण्याची खरोखर आवड आहे. तेवढ्यात दाराशी काही बोलाचाली ऐकू आली. माझ्याच वयाचे एक गृहस्थ, पायांत चपला, रखवालदारापुढे ओशाळे होऊन उभे होते. आणि वाचकहो, कबूल करायला लाज वाटते, पण मला बरे वाटले. मी आत होतो. उसन्या बुटांत का होईना, मी आत होतो! अर्ध्या तासापूर्वी मी त्यांच्याच जागी होतो हे मला आठवायलाही क्षणभर वेळ लागला. मग एकदम ते मडके आठवले आणि चहा घशाखाली उतरेना.

परतताना मी मरीन ड्राइव्हलाच उतरलो, बूट परत केले आणि कठड्यावर बसलो. टाचेला फोड आला होता. समोर जिमखान्यांचे दिवे लागले होते, पाठीमागे समुद्र होता. शेंगदाणेवाला पुड्या विकत होता. घरून सौ.चा फोन आला, "अहो, कसा होता क्लब?" म्हटले, "चहा चांगला होता."

तो अर्ज मी फाडून टाकला असे लिहिले तर खोटे होईल. तो अजून कपाटात आहे. मुलगी महानगरपालिकेच्या तलावावर सकाळी सहाच्या तुकडीला जाते, आणि केव्हातरी कपाट आवरताना सौ. तो माझ्यापुढे धरणार, हे मला ठाऊक आहे.

फोन ठेवतो तोच चारपाच माणसांचे एक कुटुंब कठड्याशी आले. बाप म्हणाला, "काका, जरा सरकता का?"

मी सरकलो.