वठलेल्या झाडाचा पत्ता

वांद्र्यात राहून पक्षी बघतो म्हटलं की लोक जरा कीव केल्यासारखं हसतात. "इथे काय दिसणार? कावळे आणि कबुतरं." मी वाद घालत नाही. सलीम अली याच वांद्र्यात, पाली हिलवर राहायचे, एवढं सांगतो आणि विषय संपवतो.

माझ्या खिडकीसमोर एक पर्जन्यवृक्ष आहे. पिठ्या ढेकणानं मुंबईतल्या कितीतरी पर्जन्यवृक्षांची वाट लावली, त्यात याचीही एक मोठी फांदी वठली. त्या मेलेल्या फांदीत तांबटाच्या जोडीनं गोल गरगरीत भोक पाडून घर केलं. लॅपटॉपवर मीटिंग म्यूट करून मी त्यांची ये-जा बघायचो. पुढच्या मे महिन्यात, पावसाळ्याआधीच्या छाटणीत ती फांदी गेली. खाली रिक्षा उभ्या असतात, शाळेची मुलं चालतात, त्यामुळे ती काढणं भागच होतं. तांबट मात्र परत आले नाहीत. झाडावर हिरव्या फांद्या भरपूर होत्या, पण त्यांना मेलेलीच हवी होती.

ही गोष्ट मला नीट समजली ती मात्र वांद्र्यात नव्हे, पार दोडामार्गात, एका वेगळ्याच पक्ष्याच्या मागे फिरताना.

तो पक्षी म्हणजे पांढऱ्या पोटाचा सुतार. आमच्या पक्षीवाल्या ग्रुपमध्ये आम्ही त्याला नुसतं 'काळा सुतार' म्हणतो. नेहमीचा सोनपाठी सुतार तुम्ही कदाचित बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पाहिला असेल. तो मैनेपेक्षा थोडा मोठा. काळा सुतार जवळजवळ दीड फुटाचा, म्हणजे कावळ्यालाही मागे टाकणारा. अंग काळं कुळकुळीत, पोट आणि कंबर पांढरी, डोक्यावर लालभडक तुरा. नराच्या गालावरही लाल पट्टा असतो, मादीचा लाल रंग फक्त तुऱ्याच्या मागच्या भागात. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलांत तो आहे. आपल्याकडे बघायचा तर सिंधुदुर्ग गाठायचा.

एवढा मोठा, एवढा भडक आणि एवढा आवाज करणारा पक्षी दिसायला अवघड का असावा? मला सुरुवातीला हे कोडंच वाटायचं. पहिलं कारण साधं आहे: एका जोडीला जंगलाचा भलामोठा तुकडा लागतो. आज इथे ठोकलं, तर उद्या दोन डोंगर पलीकडे. दुसरं असं की सुताराला चाहूल लागली की तो उडत नाही, खोडाच्या मागे सरकतो. तुम्ही डावीकडून गेलात तर तो उजवीकडे. एखादा बग जसा डीबगर लावला की गायब होतो, अगदी तसं. तिसरं कारण मला सगळ्यात उशिरा कळलं, आणि तेच खरं कारण आहे.

पहिल्यांदा गेलो ते डिसेंबरात. दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्स्प्रेस, सावंतवाडी, तिथून पुढे दोडामार्ग. ऑफिसातल्या एका मित्राचं गाव तिकडे, आणि गावात त्याचे काका. काकांचं सुपारीचं कुळागर तिलारीच्या जंगलाला जवळजवळ टेकलेलं. या भागातल्या सुमारे २९ चौरस किलोमीटर जंगलाला २०२० साली 'संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून दर्जा मिळाला. पण दोडामार्ग तालुक्यातलं बरंचसं रान हे खाजगी मालकीचं आहे. त्यामुळे एका बाजूला वाघाच्या वाटेचं जंगल, आणि लगतच कुणाची काजूची बाग, कुणाची अननसाची, कुणाची रबराची लागवड.

तीन दिवस मी रानात फिरलो. धनेश दिसले, शेकरू दिसली, एकदा लांबून ठोकणं ऐकू आलं. ते नेहमीच्या सुतारासारखं टरर्र नव्हतं. कुणी तरी लाकडी दारावर मुठीनं भराभर थापा मारतंय असं. धावत गेलो तोवर सगळं शांत. रविवारी रात्री परत गाडीत.

शेवटच्या दुपारी काकांना पक्ष्याचं चित्र दाखवलं. ते म्हणाले, "हो? हो कुळागराच्या मागे येता. सकाळी मोठ्यान ठोकता, जसो कोण दार वाजवता."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंय खय? तू कॅमेरो घेवन डोंगरात गेलंस."

परतीच्या प्रवासात मी वाचत सुटलो. सुतारांबद्दलचं वाचन हे फार लवकर दुःखाकडे वळतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

अमेरिकेत 'आयव्हरी-बिल्ड' नावाचा असाच एक प्रचंड सुतार होता. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर अ‍ॅलन आणि त्यांचे सहकारी लुइझियानातल्या 'सिंगर ट्रॅक्ट' नावाच्या जंगलात गेले आणि त्यांनी त्याचे फोटो, चित्रफीत आणि आवाज मिळवले. सिंगर म्हणजे तीच शिलाई मशीनवाली सिंगर, जिच्या पायमशीनवर आपल्या आज्यांनी परकर-पोलकी शिवली. ते जंगल त्या कंपनीच्या मालकीचं होतं. पुढे तिथली झाडं तोडायला दिली गेली. १९४४ साली डॉन एकेलबेरी नावाच्या चित्रकारानं तिथे एका एकट्या मादीची चित्रं काढली. सर्वांना मान्य असलेली ती शेवटची नोंद. त्यानंतर साठ वर्षांनी, २००४ मध्ये आर्कान्सामध्ये काही सेकंदांचा एक धूसर व्हिडिओ मिळाला, २००५ मध्ये त्यावर 'सायन्स'मध्ये निबंध आला, आणि तो पक्षी खरंच तोच होता का यावर आजही भांडणं चालू आहेत. म्हणजे १९३५ मध्ये चांगले फोटो होते आणि जंगल हातातून चाललं होतं. २००४ मध्ये कॅमेरे घरोघरी होते आणि पक्ष्याचाच पत्ता नव्हता.

पण मला जास्त टोचली ती जपानची गोष्ट, कारण ती थेट आमच्या काळ्या सुताराची आहे. हीच जात, तिची एक उपजात जपानच्या त्सुशिमा बेटावर होती. तिथला शेवटचा नमुना १९२० साली गोळा केला गेला. १९२३ मध्ये सरकारनं त्या पक्ष्याला 'नैसर्गिक स्मारक' जाहीर करून संरक्षण दिलं. आदेश निघाला तेव्हा ज्याच्यासाठी तो काढला, तो बहुधा उरलेलाच नव्हता. दक्षिण कोरियातही पुढे तेच झालं. जगाच्या यादीत मात्र हा पक्षी आजही 'फारशी काळजी नाही' या रकान्यात आहे, कारण भारतापासून फिलिपिन्सपर्यंत तो पसरलेला आहे. ही सरासरीची गंमत आमच्या धंद्यात रोज दिसते. डॅशबोर्ड हिरवागार असतो आणि एखाद्या शहरातले सगळे युजर्स तासभर लटकलेले असतात.

या सगळ्या वाचनातून एक धागा सारखा वर येत होता. मोठा सुतार कोवळ्या झाडाकडे ढुंकून बघत नाही. त्याला लागतं ते म्हातारं, जाड, शक्यतो वठलेलं आणि तरीही उभं असलेलं झाड. त्यात मुंगळे, वाळवी, भुंगेऱ्यांच्या बोटाएवढ्या अळ्या मिळतात. त्यातच ढोली कोरता येते, कारण लाकूड आतून मऊ पडलेलं असतं. आणि सुतार एक ढोली कायमची अडवून बसत नाही. तो सोडून गेला की तिच्यात घुबडं, पोपट, मैना, खारी राहायला येतात. स्वतः भोक पाडता न येणाऱ्या निम्म्या जंगलाचं घरकुल हा एकटा बांधतो.

दीड फुटाच्या पक्ष्याला पिल्लांसकट मावेल एवढी ढोली पाडायची तर खोड केवढं हवं? आणि तेवढं खोड व्हायला झाडाला किती दशकं लागतात? मग तेवढं वाढून ते मरायला हवं, आणि मेल्यावर कुणी सरपणाला नेता कामा नये. या सगळ्या अटी एकत्र जुळतात अशा जागा किती उरल्यात? काळा सुतार दिसत नाही याचं तिसरं कारण हे. तो लाजाळू नाही. आपण झाडांना म्हातारं होऊ देत नाही.

फेब्रुवारीत मी पुन्हा गेलो, तेव्हा वर बघायचं सोडून खाली बघत गेलो. कुळागराच्या मागे, पाटाच्या पलीकडे एक वठलेला ऐन उभा होता. साल बरीचशी गळलेली, शेंडा मोडलेला. बुंध्याशी ढलप्यांचा सडा. काही जुन्या, करड्या पडलेल्या, आणि काही ताज्या, पिवळसर, अर्ध्या बोटाएवढ्या. वर, दोन पुरुष उंचीच्याही खूप वर, एक लांबट काळं तोंड उघडं होतं.

आम्ही तिथून लांब, काजूच्या आडोशाला बसलो. काकांच्या ओळखीनं आणखी दोन फोटोग्राफर आले होते, पुण्याचे. त्यातला एक म्हणाला, "स्पीकर आहे माझ्याकडे. त्याचा कॉल लावला तर दोन मिनिटांत येईल." ते खरंही होतं. विणीच्या दिवसांत आपल्याच जातीचा आवाज ऐकला की नराला वाटतं कुणीतरी घुसखोर आलाय, आणि तो सगळं टाकून भांडायला धावतो. मी वर्षातले बारा आठवडे ऑन-कॉल असतो. रात्री तीनला खोट्या अलर्टनं उठवलेल्या माणसाला काय वाटतं हे मला कुणी समजावून सांगायला नको. मी 'नको' म्हटलं. तो जरा नाराज झाला, पण स्पीकर बॅगेतच राहिला.

पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी, सात वाजायला दहा कमी असताना, एकच धारदार आवाज आला, 'क्याँव!' आणि कावळ्यासारखी जड पंखांची फडफड. तो ऐनावर येऊन चिकटला.

आता तांत्रिक अडचण ऐका. पक्षी काळा, मागे झाडोऱ्याचा अंधार, आणि वर पांढरं उजळलेलं आकाश. कॅमेरा आकाशाकडे बघून हिशोब करतो आणि पक्ष्याची नुसती सावली उरते. एक्स्पोजर वाढवावं तर पांढरं पोट जळून जातं. मी आयएसओ ३२०० वर नेला, शटर १/५०० वर ठेवला आणि हात थरथरू नयेत म्हणून श्वास धरला. चार मिनिटं. त्यानं मान मागे नेली, ठोकलं, थांबून कान दिल्यासारखं केलं, पुन्हा ठोकलं. आतून दुसरं डोकं बाहेर आलं, तुरा मागच्या बाजूलाच लाल. मादी. ती उडाली, तो आत शिरला. पाळी बदलली होती.

दोनशेच्या वर फ्रेम्समधून सहा बऱ्या निघाल्या. सगळ्यात चांगल्या फ्रेममध्ये एक वेल त्याच्या शेपटीवरून आडवी गेली आहे. स्पर्धेत कुणी विचारणार नाही, पण डोळ्यातला उजेड स्वच्छ आहे.

काकांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "झाड बरा दिसता."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तो ऐन काढायचं चाललं होतं. पाटाच्या कडेनं वाडीतली पोरं शाळेत जातात. शिवाय तो तुकडा लागवडीसाठी भाड्यानं मागायला एक माणूस आला होता, आणि त्याला जमीन मोकळी हवी होती. त्या पैशांत विहिरीचा पंप नवा होणार होता. मी काय बोलणार? वांद्र्याच्या फांदीबद्दल 'काढणं भागच होतं' असं मीच म्हणतो. पगार बीकेसीत घ्यायचा आणि झाड काकांनी सांभाळायचं, हा हिशोब सरळ नाही. पक्ष्याचा फोटो माझ्याकडे राहतो, झाड उभं ठेवण्याची किंमत मात्र त्यांच्या खिशातून जाते.

एवढंच बोललो की पिल्लं उडेपर्यंत थांबता येईल का, आणि पोरांची वाट पाटाच्या दुसऱ्या कडेनं नेता येईल का. दुसऱ्या दिवशी मित्र, मी आणि वाडीतले दोघं मिळून आम्ही ती वाट साफ केली. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पंपाचं काय करायचं त्यावर मित्र आणि त्याचे काका यांची अजून बोलणी चालली आहेत. मी त्यात काही भर घालू शकतो, आणि घालणार आहे.

निघताना काका म्हणाले, "बघूया. ह्यो पावस तरी रवांदे."

फोटो मी टाकला, जागा टाकली नाही. बऱ्याच जणांनी इनबॉक्समध्ये लोकेशन मागितलं. मी सगळ्यांना एकच सांगतो: तुमच्या जवळच्या रानात सगळ्यात म्हातारं, वठलेलं, उभं झाड शोधा आणि त्याच्याखाली ढलप्या पडल्यात का बघा. काळा सुतार नाही मिळाला तरी कुणीतरी राहत असेलच.

जूनमधल्या पहिल्या वादळानंतर काकांचा व्हॉइस मेसेज आला. मागे पावसाचा आवाज. ऐनाचा वरचा भाग रात्री मोडून पाटात पडला होता. "खालचा खोड उभा आसा," ते म्हणाले, "भोकासकट."

मी विचारलं, पक्षी दिसतो का?

"तो काय माका सांगान येता-जाता?"