सिस्टर आईच्या बाजूच्या

७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या एकेकाळच्या परिचारिका अरुणा शानबागच्या दयामरणाची याचिका फेटाळली आणि तिथल्या परिचारिकांनी केक कापला, मिठाई वाटली. ती बातमी वाचून मी भयंकर चिडलो होतो. नोव्हेंबर १९७३ पासून अंथरुणावर पडलेल्या बाईचं मरण लांबलं म्हणून मिठाई? त्याहून जास्त खटकला तो निकालातला दुसरा भाग. अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार याचिका करणाऱ्या पिंकी विराणींचा नाही, तर इतकी वर्षं तिची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं न्यायालयाने म्हटलं होतं. नर्सनं वेळेवर इंजेक्शन द्यावं, चादर बदलावी, ताप लिहून ठेवावा. पेशंटच्या वतीने बोलायचं ते डॉक्टरांनी आणि घरच्यांनी, असं माझं स्वच्छ मत होतं. ते मी ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर अनेकांना ऐकवलंही.

दयामरणाबद्दल मला तेव्हा जे वाटत होतं तेच आजही वाटतं. बदललं ते दुसरं मत, आणि तेही आईच्या आजारपणात, कुरकुरत, हप्त्याहप्त्याने.

आई निपाणीची. आयुष्यभर शिवणक्लास चालवलेली बाई. बाबा गेल्यावर चेन्नईला आमच्याकडे मडिपाक्कमला राहायला आली. मधुमेह जुना, त्यात मूत्रपिंडं कामातून गेली. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक नेहमीची: आठवड्यातून तीनदा हॉस्पिटल, दर वेळी चारेक तास मशीनला जोडून रक्त शुद्ध करायचं. दुसरी पोटाच्या डायलिसिसची, सीएपीडी. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, काही तास तसंच ठेवायचं. पोटाच्या आतला पडदा गाळणीचं काम करतो, रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते; मग ते काढून टाकून ताजं भरायचं. दिवसातून तीन-चार वेळा, रोज, घरी, स्वतःच्या हाताने.

ही दुसरी पद्धत चेन्नईला नवी नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती भारतात रुजवणाऱ्यांत इथले डॉ. जॉर्जी अब्राहम ठळक. गरीब पेशंटांसाठी डायलिसिस चालवणारी इथली टँकर फाउंडेशनही १९९३ ची. ऑगस्ट २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' ही घरपोच उपचारांची योजना काढली, तिच्यात बीपी-शुगरच्या गोळ्या, फिजिओथेरपी आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा यांच्याबरोबर या डायलिसिसच्या पिशव्याही घरी पोचवायचं ठरलं.

मला यात फक्त जबाबदारी ढकलणं दिसत होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेनांपेट्टच्या डीएमएस, म्हणजे वैद्यकीय सेवा संचालनालयाच्या, आवारात कंत्राटी परिचारिका ठाण मांडून बसल्या होत्या. महिन्याला ७,७०० रुपयांवर त्यांना सरकारने कामाला लावलं होतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण म्हणतं, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स हवी. प्रत्यक्षात काय असतं ते कुठल्याही सरकारी वॉर्डात डोकावून बघावं. तेव्हा माझं गणित सोपं होतं: नर्सेस कमी, पगार द्यायचा नाही, म्हणून पेशंटच्या बायकोला नाहीतर सुनेला फुकटात नर्स करा आणि त्याला 'रुग्ण-शिक्षण' म्हणा. या गणितात तथ्य नाही असं मी आजही म्हणणार नाही.

तर ओपीडीत मी दुभाषी होतो. डॉक्टर इंग्रजीत बोलत, मी आईला मराठीत सांगत असे आणि आईचं म्हणणं इंग्रजीत डॉक्टरांना. 'आई म्हणतेय, हॉस्पिटलातच करू,' असं मी सांगून टाकलं. आई तसं काही म्हणाली नव्हती. तिने फक्त 'बघू' म्हटलं होतं. पण आईचं 'बघू' मी लहानपणापासून ओळखतो, असा माझा समज.

बाजूला एक सिस्टर उभ्या होत्या. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या, पन्नाशीच्या आसपासच्या, पोटाच्या डायलिसिसचं शिकवायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला आणि म्हणाल्या, 'सर, हे जरा बिलिंगला देऊन या.' मी गेलो. रांग होती. परत आलो तर सिस्टर आणि आई कन्नडमध्ये गप्पा मारत बसलेल्या! सिस्टरांनी बेंगळुरूत बरीच वर्षं नोकरी केलेली आणि आईला निपाणीच्या बाजारातलं कन्नड पक्कं येतं. फाइलमध्ये सिस्टरांच्या अक्षरात नवी नोंद होती: पेशंटला घरी स्वतः करायचं आहे, वर्षातून काही महिने गावी जाऊन राहायचं आहे, आठवड्यातून तीनदा कुणीतरी आणून सोडावं हे नको आहे. डॉक्टर ती वाचत होते.

माझा संताप झाला. कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठलं आणि सुनावलं की हा आमच्या घरचा निर्णय आहे, तुम्ही मध्ये पडायचं कारण काय. त्या ओरडल्या नाहीत की सॉरीही म्हणाल्या नाहीत. 'सर, मुलगा तुम्ही आहात. पेशंट त्या आहेत,' एवढंच बोलून पुढच्या बेडकडे गेल्या. तक्रार करावी का, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होतो.

नळी बसवल्यावर शिकवणी सुरू झाली आणि ती मला नाइलाजाने बघावी लागली. पहिले धडे आईच्या पोटावर झालेच नाहीत. एका एप्रनला खोटी नळी शिवलेली होती, तो घालून सराव. आईने आधी त्या एप्रनची शिवण तपासली आणि 'हे कुणी शिवलंय?' म्हणून नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी तिने तो उसवून नीट शिवून आणला. सिस्टरांनी तो घातला आणि गिरकी घेऊन दाखवला.

मग क्रम. दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुवायचे, कोरडे करायचे, टोपण काढल्यावर नळीच्या टोकाला काहीही लागता कामा नये. चुकून बोट लागलं तर ते जोडायचं नाही, तिथेच थांबून फोन करायचा. (मे महिन्यात चेन्नईत पंखा बंद करून अर्धा तास बसणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच विचारा.) प्रत्येक गोष्टीचं कारण सिस्टर सांगत: पंख्याने धूळ उडते, धुळीतले जंतू नळीवाटे सरळ पोटात जातात, पोटाचा पडदा सुजला तर जिवावर बेततं. हे सगळं आई ऐकायची, मान हलवायची. सिस्टरांना ती मान पटत नसे. 'आता तुम्ही मला शिकवा, मला काही येत नाही,' असं म्हणून त्या विद्यार्थिनीच्या खुर्चीत बसत आणि मुद्दाम चुका करत. मास्क नाकाखाली. हात धुऊन मग पदराला पुसायचे. आई खेकसायची. शिवणक्लासमध्ये मुलींवर खेकसायची तशीच. एकदा सिस्टर काहीच चुकल्या नाहीत तर आई म्हणाली, 'आज काहीतरी लपवलंयस,' आणि शोधून काढलं: पिशवीवरची तारीख उलटून गेलेली होती.

बाहेर काढलेलं पाणी तपासायची रीत अशी, की भरलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि तिच्यातून अक्षरं वाचायची. वाचता आली तर ठीक. गढूळ दिसलं तर ताबडतोब दवाखाना. घरात येणारा पेपर तमिळ, तो आईला वाचता येत नाही. तिने कालनिर्णयचं गेल्या महिन्याचं पान घेतलं. पिशवीतून तिथी वाचता आली पाहिजे, हा आमच्या घरचा नियम झाला.

एकदा पहाटे तिथी दिसेना. आईने मला उठवलं नाही. आधी सिस्टरांना फोन केला, त्यांनी पिशवी फेकू नका, बरोबर घेऊन या असं सांगितलं, आणि मग तिने मला हलवलं तेव्हा ती लुगडं बदलून, पिशवी गुंडाळून तयार बसली होती. पोटदुखी धड सुरूही झाली नव्हती. पिशवीतल्या पाण्याची तपासणी झाली, अँटिबायोटिक त्याच नळीतून पोटात गेलं, नळी वाचली. डायलिसिस घरी नको म्हणून मी जी भीती पुढे करत होतो, ती घरी येऊन उभी राहिली होती. ती ओळखली आईने, मी झोपेत होतो.

फुकटातल्या सुनेचा माझा मुद्दाही सिस्टरांनी माझ्यावरच उलटवला. आईला ताप आला, हात थरथरले, तर पिशवी कोण बदलणार, असं त्यांनी विचारलं. मी सवयीने बायकोकडे बघितलं. 'मॅडम नोकरी करतात ना? तुम्ही शिका,' सिस्टर म्हणाल्या. परीक्षाही घेतली. पहिल्या खेपेला मी नापास झालो. मास्क लावून झाल्यावर चष्मा सारखा केला आणि तेच हात घेऊन नळीकडे निघालो होतो. आई मागे बसून हसत होती.

डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात आमच्या भागात पाणी भरलं, वीज गेली. पिशव्यांची खोकी पाऊस सुरू व्हायच्या आधीच माळ्यावर चढवून ठेवा, असं सिस्टरांनी दिवाळीपूर्वी बजावलं होतं. हाताने करायच्या या डायलिसिसला वीज लागत नाही, दिवसाउजेडी खिडकीजवळ बसून सगळं झालं. सगळा वेळ चिंता होती ती फक्त हात धुवायच्या पाण्याची. पुढे त्यांनी खटपट करून पिशव्या निपाणीच्या पत्त्यावर मागवायची व्यवस्था लावून दिली आणि आई खरंच गावी जाऊन राहिली.

हॉस्पिटलच्या बिलात 'नर्सिंग चार्जेस' म्हणून एक ओळ असते, खोलीच्या भाड्याला चिकटलेली. या शिकवण्याचं त्यात काही नसतं; तो वेळ सिस्टर कुठून काढतात हे मी विचारलेलं नाही, पण त्यांचा डबा अनेकदा चार वाजता उघडलेला मी पाहिला आहे. म्हणून ७,७०० रुपयांबद्दलचा माझा राग शाबूत आहे. फक्त त्यातून मी काढलेला निष्कर्ष, की म्हणून नर्सनं शिकवू नये आणि मध्ये बोलू नये, तो मी सोडला.

केईएमबद्दलही पुन्हा विचार केला. ऐंशीच्या दशकात महापालिका अरुणाला तिथून हलवायला निघाली तेव्हा तिथल्या परिचारिकाच आडव्या आल्या होत्या. मे २०१५ मध्ये ती गेली तोपर्यंत परिचारिकांच्या किती तुकड्या आल्या आणि निवृत्त झाल्या असतील. अशांना बोलायचा हक्क नाही असं मी आता म्हणू शकत नाही. तरी एक फरक मला दिसतो. अरुणाला विचारणं शक्य नव्हतं, तिच्या वतीने बोलावं लागलं. आमच्या सिस्टर आईच्या वतीने बोलल्याच नाहीत. मी बोलत होतो, त्यांनी मला रांगेत पाठवून आईला बोलू दिलं. केईएममध्ये नेमकं काय बरोबर होतं, यावर माझं अजून ठरत नाही.

गेल्या वर्षी सिस्टरांनीच आईकडे शेवटाचा विषय काढला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. आईने ते करून टाकलं. यंत्रं कधी लावायची नाहीत ते लिहिलं, आणि तिला बोलता आलं नाही तर निर्णय कुणी घ्यायचा तिथे माझं नाव नाही, धाकट्या बहिणीचं आहे. मी सिस्टरांना विचारलं, हे तुम्ही सुचवलंत का? त्या म्हणाल्या, अम्मांना विचारा. आईला विचारलं. ती म्हणाली, 'तू उगाच खर्च करत बसशील.'